क्षेत्र, वाट आणि उंबरठा : वारकरी तीर्थानुभवाचे स्वरूप

मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला तीर्थक्षेत्राच्या संदर्भात एक विसंगती प्रथमदर्शनीच जाणवते. एकीकडे संतांनी तीर्थाटनाच्या कर्मकांडावर टीका केली आहे. तुकोबांनी तीर्थातील पाणी-पाषाण आणि सज्जनांच्या ठायी प्रत्ययाला येणारा देव यांतील अंतर परखडपणे दाखविले. दुसरीकडे त्याच संतांनी पंढरीचे माहात्म्य अपार आर्ततेने गायिले आहे. देव सर्वत्र असेल तर पंढरीला जाण्याचे प्रयोजन काय, आणि क्षेत्री भक्ताला लाभणाऱ्या आत्मिक अनुबंधाचे स्वरूप कोणते, हे प्रश्न येथे उपस्थित होतात.

त्यांची उकल करताना 'तीर्थयात्रा' आणि 'वारी' या दोन संकल्पनांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. तीर्थयात्रा ही सामान्यतः पुण्यफलाच्या अपेक्षेने केली जाते. काशी-रामेश्वरासारखी यात्रा आयुष्यात एकदा घडली तरी माणूस कृतार्थ होतो. मावंदे झाले की ती सुफळ संपूर्ण होते. वारीला अशी समाप्ती नाही. 'वारी' या शब्दातच पुनरावृत्तीचा अर्थ अंतर्भूत आहे. वारकरी घरी परततो तो पुन्हा येण्यासाठीच. तीर्थयात्रेत स्थळ प्रधान असते, वारीत नाते. म्हणूनच वारकऱ्याच्या भाषेत 'दर्शना'इतकाच 'भेट' हा शब्द महत्त्वाचा ठरतो. दर्शन एकाने घ्यावयाचे असते; भेटीला मात्र दोघांची ओढ लागते. माहेराची प्रतिमा संतांना पंढरीसाठी इतकी जवळची का वाटली, याचेही उत्तर येथेच सापडते. सासुरवाशिणीला माहेरी पुण्य मिळवावयाचे नसते, तिला आपल्या माणसांत जावयाचे असते.

या दृष्टीने नामदेवांच्या नावावर असलेले 'तीर्थावळी'चे अभंग विशेष उद्बोधक आहेत. ज्ञानदेव नामदेवांना तीर्थयात्रेस बरोबर येण्याची विनंती करतात. परंतु विठ्ठलाला सोडून जाण्यास नामदेवांचे मन तयार होत नाही. अखेर विठ्ठलाच्या संमतीने ते निघतात. तीर्थांचे वर्णन हा या रचनेचा बाह्य विषय आहे. तिचे भावकेंद्र विरह हेच आहे. विशेष असे की, हा विरह एकतर्फी नाही. भक्ताच्या जाण्याने देवही व्याकूळ होतो. अनेक तीर्थे पाहूनही पंढरीचे स्थान अढळ राहते, त्याचे कारण ती भूमी अन्य भूमींहून अधिक पवित्र आहे एवढेच नव्हे. तेथे आपली वाट पाहिली जाते, हा भक्ताचा दृढ विश्वास त्यामागे आहे.

हा अनुबंध क्षेत्री पोहोचण्यापूर्वी वाटेवरच आकार घेतो. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीस निघणारी ज्ञानदेवांची पालखी आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरी पोहोचते. वाटेवरील कीर्तन, भजन, रिंगण आणि वेळापूरनजीकचा धावा यांतून सामूहिक चित्ताची एक लय सिद्ध होते. आषाढीच्या गर्दीत अनेकांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही. ते कळसाला हात जोडून माघारी फिरतात आणि तरीही त्यांची वारी अपुरी ठरत नाही. वारीचे सार्थक गाभाऱ्यातील क्षणात सामावलेले नसल्याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होय.

मात्र या विवेचनातून एक सोयीस्कर निष्कर्ष निघण्याचा धोका संभवतो. गाभारा अनिवार्य नसेल, तर ज्यांना तो नाकारला गेला त्यांचे काही बिघडले नाही, असे कोणी म्हणू शकेल. चोखामेळ्याच्या अभंगांचा असा अर्थ लावण्याचा मोह अनेकदा होतो. उंबरठ्याबाहेर राहूनही चोखोबांना विठ्ठल भेटला, यातच त्यांच्या भक्तीचे थोरपण पाहिले जाते. पण चोखोबांच्या रचनेत आत्मिक ऐक्याच्या प्रत्ययाशेजारीच व्यथेचा आणि तक्रारीचा सूर आहे. सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला, तर कर्ममेळ्याने हीन मानलेल्या जन्माचा जाब थेट देवाला मागितला. नाते खरे असल्यामुळेच हा जाब विचारता येतो. ज्याच्याशी भेट नाही त्याच्याशी भांडणही संभवत नाही. महाद्वारासमोरील चोखोबांची समाधी म्हणूनच भक्तीच्या विजयाइतकीच बहिष्काराचीही खूण आहे.

वाटही या दोषापासून मुक्त नव्हती. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' (1949) मधील 'वाटचाल' या लेखात वारीतील एकत्र चालण्या-गाण्याचा आनंद नोंदविला, त्याचबरोबर पंगतीच्या वेळी जातीनुसार पडणाऱ्या अंतराने आलेली अस्वस्थताही लपविली नाही. एकत्र गाणारे एकत्र जेवत का नाहीत, हा त्यांचा प्रश्न बाहेरून आलेल्या टीकाकाराचा नाही. त्या वाटेवर आपलेपणा अनुभवलेल्या व्यक्तीचा तो आहे. साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरी केलेल्या उपोषणामागेही हीच भूमिका होती. 1 मे रोजी आरंभलेले हे उपोषण 10 मे रोजी, मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करण्याचे मान्य झाल्यावर सुटले. देव सर्वत्र आहे, या सत्यावर समाधान मानण्यास गुरुजी तयार नव्हते. सर्वत्र असलेल्या देवाच्या एका दारापाशी माणसाला अडविणे, हा त्या सत्याचाच अवमान होता.

सारांश, वारकरी परंपरेतील तीर्थानुभव क्षेत्र, वाट आणि उंबरठा या तीन अंगांनी समजून घ्यावा लागतो. क्षेत्र ओढ निर्माण करते, वाट त्या ओढीला सामूहिक रूप देते आणि उंबरठा तिची कसोटी पाहतो. पहिल्या दोन अंगांचे रसग्रहण आपल्या अध्यापनात पुष्कळ होते. तिसऱ्याला मात्र बहुधा सामाजिक इतिहासाच्या स्वतंत्र प्रकरणात स्थान मिळते. ही विभागणी संतवाणीला मान्य होण्यासारखी नाही. चोखोबांच्या अभंगातील ऐक्य आणि आक्रोश एकाच उच्चारात आले आहेत. त्यांचे वाचनही एकत्रच व्हावयास हवे.