मृतांच्या स्वागतासाठी उघडी दारे

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन रात्री मेक्सिकोतील दफनभूमी ओस पडलेल्या नसतात. थडगी धुऊन, पुसून झेंडूच्या फुलांनी सजविलेली असतात. त्यांच्याभोवती मेणबत्त्या तेवत असतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे शिदोरी घेऊन तेथे बसलेली असतात. हे दिवस 'दिया दे मुएर्तोस' म्हणजे 'मृतांचा दिवस' या नावाने ओळखले जातात. दिवंगत आप्त वर्षातून एकदा आपल्या घरी परततात, ही त्यामागील श्रद्धा. साहजिकच या दिवसांत शोकापेक्षा पाहुणचाराला अधिक महत्त्व असते.

सर्वसाधारणपणे १ नोव्हेंबर हा बालपणीच निधन पावलेल्यांचा, तर २ नोव्हेंबर हा प्रौढांचा दिवस मानला जातो. घरोघरी 'ओफ्रेंदा' मांडली जाते. दिवंगतांची छायाचित्रे, त्यांच्या आवडीचे पदार्थ, फळे, 'पान दे मुएर्तो' हा गोड पाव, साखरेच्या कवट्या आणि नक्षीदार कातरलेल्या कागदी पताका यांनी ही मांडणी सजते. दूरच्या प्रवासाने तहानलेल्या आत्म्यासाठी पाणी, शुद्धीसाठी मीठ, वाट उजळण्यासाठी मेणबत्ती आणि कोपाल नावाच्या राळेचा धूप, असा प्रत्येक वस्तूमागे अर्थ आहे. झेंडूच्या पाकळ्यांची पायवाट अनेक ठिकाणी रस्त्यापासून थेट ओफ्रेंदापर्यंत आखली जाते. फुलाचा रंग व गंध आत्म्याला घर दाखवितो, अशी समजूत आहे. महाराष्ट्रात दसऱ्याच्या तोरणात मिरविणारा झेंडू मूळचा याच भूमीतला, हे येथे आवर्जून सांगावयास हवे.

दोन परंपरांचा संगम

स्पॅनिश आक्रमणापूर्वी या प्रदेशातील लोक मृतांसाठी स्वतंत्र उत्सव करीत. १५२१ मध्ये अॅझ्टेकांची राजधानी पडली आणि कॅथलिक धर्माबरोबर १ व २ नोव्हेंबरचे सर्व संतांचे व सर्व मृतात्म्यांचे दिवस आले. आजच्या उत्सवात मूळ परंपरेचा वाटा किती आणि युरोपीय चालीरीतींचा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र दोन्हींचा त्यात मिलाफ झाला आहे, हे उघड दिसते. मक्याचे पीक हाती येण्याचाही हाच काळ असल्याने नव्या धान्यातील वाटा पूर्वजांना देण्याची भावनाही त्यात मिसळली आहे. युनेस्कोने २००८ मध्ये या उत्सवाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

एका घराचे दुःख, गावाची जबाबदारी

या परंपरेचे मर्म तिच्या सामुदायिकतेत आहे. पुएब्ला राज्यातील वाकेचुला गावात ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तेथे पांढऱ्या सॅटिनच्या कापडाची अनेक मजली उंच मांडणी उभारली जाते. घराची दारे सर्वांसाठी उघडी असतात. परकी माणसेही आत येतात, दर्शन घेतात आणि यजमान त्यांना खाऊ घालतात. मेक्सिको सिटीच्या सीमेवरील मिस्किक येथे २ नोव्हेंबरच्या सायंकाळी सारी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळून निघते. मिचोआकान राज्यातील पाट्सक्वारो सरोवरातल्या हानित्सिओ बेटावर पुरेपेचा समाज रात्रभर जागरण करतो. पहिल्या वर्षीचे दुःख एकट्या कुटुंबाने वाहू नये, अशी ही व्यवस्था आहे.

काळानुसार उत्सवात भरही पडली. होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी रेखाटलेली टोपीधारी स्त्रीची कवटी 'कात्रिना' म्हणून घराघरांत पोहोचली. दिएगो रिवेरा याने १९४७ मधील भित्तिचित्रात तिला पूर्णाकृती रूप दिले. राजधानीतील भव्य मिरवणूक मात्र जुनी नाही. २०१५ मधील एका जेम्स बाँडपटात अशी काल्पनिक मिरवणूक दाखविण्यात आली आणि २०१६ पासून ती प्रत्यक्षात निघू लागली. पर्यटनामुळे उत्सवाचा बाजार होत असल्याची टीकाही तेव्हापासून वाढली.

छायाचित्र ठेवावे की नाही?

संकटकाळात मात्र या प्रथेचे मोल ठळकपणे जाणवले. १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपात तीनशेहून अधिक बळी गेले. त्या वर्षीच्या मिरवणुकीत त्यांना आदरांजली वाहण्यात आली. २०२० मध्ये करोनामुळे राजधानीतील दफनभूमी बंद ठेवाव्या लागल्या. सरकारने ३१ ऑक्टोबरपासून तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला आणि कुटुंबांना घरच्या ओफ्रेंदावरच समाधान मानावे लागले.

सर्वांत अवघड प्रश्न आहे तो बेपत्ता व्यक्तींच्या कुटुंबांपुढे. सरकारी नोंदीतील बेपत्तांची संख्या मे २०२२ मध्ये एक लाखावर गेली. ज्याचा मृतदेहच सापडलेला नाही, त्याचे छायाचित्र ओफ्रेंदावर ठेवले तर मृत्यू मान्य केल्यासारखे होते. न ठेवले तर परतणाऱ्यांच्या मेळाव्यात तो एकटा पडतो. काही माता छायाचित्र ठेवण्यास ठाम नकार देतात, तर काही कुटुंबे ते सार्वजनिक चौकांत मांडून शोधाची मागणी करतात. मृतांना सन्मानाने घरी बोलावणाऱ्या या समाजात, आपले माणूस कोठे आहे एवढे तरी कळावे, ही त्यांची मागणी आहे. ती पूर्ण होईपर्यंत त्यांच्या घरातील ओफ्रेंदावरची एक जागा रिकामीच राहणार आहे.