आमची पासष्टी

चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या मिळवल्या. अमेरिकेत आपली पासष्टी जवळ आली की उलटंच होतं. पत्रं आपल्यालाच येतात, दिवसाला दोन-तीन, आणि त्यांत कोरी जागा म्हणून नसते. दात फुकट, चष्मा फुकट, जिम फुकट, वरचा हप्ता शून्य! मेडिकेअरचा प्लॅन बदलायची मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, म्हणजे ऐन दिवाळीची. त्यामुळे मंडळाच्या फराळाला चकलीपेक्षा जास्त चर्चा एकाच प्रश्नाची: मूळचं सरकारी मेडिकेअर ठेवायचं, की खासगी कंपनीचं 'अ‍ॅडव्हान्टेज' घ्यायचं?

'सरकारी' म्हटलं की आपल्यातले अर्धे लोक नाक मुरडतात. डोळ्यांसमोर ससूनची रांग येते. पण मेडिकेअर म्हणजे सरकारी दवाखाना नव्हे. डॉक्टर खासगी, हॉस्पिटलही बहुधा सरकारी नाही. सरकार फक्त बिल भरतं. लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी या कायद्यावर सही केली आणि पहिलं कार्ड माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या हाती दिलं. त्याआधी डॉक्टरांच्या संघटनेने जोरदार विरोध केला होता. १९६१ साली तर रोनाल्ड रेगन या नटाच्या आवाजात विरोधाची ग्रामोफोन रेकॉर्डच काढली होती. मेडिकेअरनंतर दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, जॉन्सन यांनी इमिग्रेशनच्या कायद्यावर सही केली. आपण इथे आलो ते त्या दारातून. मुंबई-पुण्याहून आलेल्या कितीतरी डॉक्टरांच्या रेसिडेन्सीच्या खर्चाला मेडिकेअरचाच पैसा होता. तीच मंडळी 'सोशॅलिझम' म्हणून त्यावर तोंडसुख घेतात तेव्हा मला गंमत वाटते.

मूळ मेडिकेअरचं दुखणं वेगळं आहे. पार्ट बी ऐंशी टक्के देतं, उरलेल्या वीस टक्क्यांना वरची मर्यादाच नाही. कॅन्सर झाला तर ते वीस टक्केही घर हलवतात. अ‍ॅडव्हान्टेजमध्ये खिशातून जाणाऱ्या वार्षिक खर्चाला मर्यादा असते, हा त्याचा खरा मोठा गुण. आज निम्म्याहून जास्त लोक तिकडे आहेत ते उगीच नाही.

मात्र कंपनीला सरकार माणशी ठरावीक रक्कम देतं; आपण खर्च केला नाही तर फायदा तिचा. म्हणून ठरलेलेच डॉक्टर आणि एमआरआय असो की पुनर्वसन केंद्र, आधी परवानगी. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२२ साली नाकारलेले अर्ज तपासले, तर त्यांतले १३ टक्के मेडिकेअरच्या नियमांत बसणारे निघाले. आणि खासगी म्हणजे स्वस्त म्हणावं, तर तेही नाही. काँग्रेसला सल्ला देणाऱ्या मेडपॅक आयोगाच्या २०२५ च्या अंदाजाप्रमाणे याच लोकांवर मूळ मेडिकेअरमध्ये जेवढा खर्च झाला असता, त्याहून सुमारे २० टक्के जास्त पैसे सरकार या कंपन्यांना मोजतं.

आता आपली खास अडचण. निवृत्तीनंतर ऑक्टोबर ते मार्च पुण्यात, असा बेत ज्यांचा आहे त्यांनी लक्षात ठेवावं: काही मोजके अपवाद सोडले तर मेडिकेअर अमेरिकेबाहेर एक डॉलरही देत नाही. कोथरूडला घसरून खुबा मोडला तर बिल आपलं. अ‍ॅडव्हान्टेजच्या काही प्लॅनमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय असते. पण सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर सहसा प्लॅनमधून नावच कमी होतं. मूळ मेडिकेअरला जोडून मेडिगॅप घेतलं, तर त्यातले काही प्लॅन प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के देतात, तेही २५० डॉलर आपण भरल्यावर आणि आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंतच. आणि 'तिकडे राहतो तर पार्ट बी कशाला' म्हणून ते सोडू नका. नोकरीचा विमा नसताना उशीर केला तर दर पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी चढतो, आणि तो बहुधा जन्मभर.

परवडत असेल तर मूळ मेडिकेअर, मेडिगॅप आणि औषधांचा पार्ट डी, असं माझं मत आहे. हप्ते जास्त पडतात. ज्यांना ते जड जातात त्यांनी अ‍ॅडव्हान्टेज घेण्यात कमीपणा नाही. पण मग आपले डॉक्टर त्या यादीत आहेत का, हे दरवर्षी त्यांच्याच ऑफिसला फोन करून विचारावं.

'आत्ता धडधाकट आहोत, आजारी पडलो की बदलू' हा हिशेब मात्र फसवा आहे. मेडिगॅपची कंपनी तब्येत न विचारता घेते ती पार्ट बी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या सहा महिन्यांत. पहिलं वर्ष अ‍ॅडव्हान्टेज करून पाहण्याची एक सवलत आहे, आणखी काही किरकोळ अपवाद आहेत; एरवी बहुतेक राज्यांत ती मधुमेह, स्टेंट सगळं विचारते आणि नाही म्हणू शकते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन इथे नियम उदार आहेत. न्यू जर्सीतून मुलाकडे टेक्सासला निघालेल्यांनी सामान बांधायच्या आधी एवढं विचारून घ्यावं. प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्ला सेवा आहे; तिथली माणसं काही विकत नाहीत.