कंपननियंत्रण, सक्रिय

फलकातून पलीकडे जाणारा ध्वनी कमी करण्यासाठी बाहेरून ऊर्जा पुरवून त्या फलकाच्या कंपनांत हेतुपुरस्सर बदल घडवून आणण्याचे तंत्र. पातळ पत्रा, काच, विमानाचे कवच इत्यादींवर ध्वनितरंग आदळले म्हणजे ती कंप पावू लागतात व त्यांची दुसरी बाजू पलीकडील हवेस ढकलते. ध्वनी आरपार गेला असे आपण म्हणतो. वस्तुतः पलीकडे ऐकू येणारा ध्वनी फलकाने नव्याने निर्माण केलेला असतो. (फटी असल्यास गोष्ट वेगळी.)

अनुस्पंदनाच्या कंप्रता वगळल्यास फलकाचे दर चौ. मी.चे वस्तुमान दुप्पट केल्याने ध्वनिरोध सु. 6 डेसिबेलांनी वाढतो. कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) दुप्पट झाली तरीही तेवढाच वाढतो. या नियमानुसार 1 मिमी. जाडीचा ॲल्युमिनियमाचा पत्रा लंबदिशेने येणारा 1,000 हर्ट्‌झचा ध्वनी सु. 27 डेसिबेलांनी कमी करतो, 100 हर्ट्‌झचा मात्र जेमतेम 7 डेसिबेलांनी. ही उणीव भरून काढावयाची तर पत्रा दहापट जाड हवा. घराच्या भिंतीस हे परवडते, विमानास नाही. शोषक पदार्थांचे पातळ थरही येथे अपुरे पडतात. कारण 100 हर्ट्‌झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सु. 3.4 मी. असते.

विरुद्ध कलेचा ध्वनी निर्माण करून मूळ ध्वनी नाहीसा करण्याच्या कल्पनेचे अमेरिकन पेटंट पाउल ल्यूग या जर्मन संशोधकांना 1936 मध्ये मिळाले होते. त्यासाठी जागोजाग ध्वनिक्षेपक ठेवण्याऐवजी बल थेट फलकावरच लावावे, या दिशेने 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेतील व्हर्जिनिया पॉलिटेक्निक संस्थेत क्रिस्टोफर फुलर यांनी महत्त्वाचे कार्य केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. फलकाचे कंपन थोपविणे आणि त्याचा ध्वनी थोपविणे या दोन भिन्न गोष्टी होत. फलकाचे शेजारशेजारचे दोन समान भाग परस्परविरुद्ध हालत असतील, तर नीच कंप्रतेस एका भागाने ढकललेली हवा दुसऱ्याकडे सरकते व दूरवर फारसा ध्वनी पोहोचत नाही. याउलट सर्व फलक एकाच वेळी पुढेमागे होत असल्यास तो परिणामकारक ध्वनिक्षेपक ठरतो. म्हणून नियंत्रक पहिल्या प्रकारच्या कंपनांस फारसा हात न लावता दुसऱ्या प्रकारची दाबतो. कित्येकदा फलकाचे एकूण कंपन वाढते, तरीही ध्वनी घटतो. हे चमत्कारिक वाटले, तरी या पद्धतीचे मर्म त्यातच आहे.

बल लावण्यासाठी लेड झिर्कोनेट टिटॅनेटासारख्या दाबविद्युत् पदार्थांच्या चकत्या फलकावर चिकटवतात. विद्युत् दाब दिला असता त्या ताणल्या वा आकुंचन पावतात व फलक वाकतो. उरलेला ध्वनी ध्वनिग्राहकाने, किंवा फलकाचे कंपन त्यावरील संवेदकांनी मोजून संगणक चकत्यांना द्यावयाचा संदेश सतत दुरुस्त करीत राहतो.

ज्याची कंप्रता ठरावीक असते असा ध्वनी या पद्धतीस सर्वांत सोयीचा. सहा पात्यांचा विमानपंखा मिनिटास 850 फेरे घेत असता 85 हर्ट्‌झचा घुमारा उत्पन्न होतो. अशा पंख्यांच्या डॅश 8 क्यू 400 या कॅनेडियन विमानात कवचाच्या सांगाड्यास सक्रिय कंपनशोषक जोडलेले असतात. रस्त्यावरील अनियमित गोंगाटाची पूर्वसूचना संगणकास मिळणे अवघड असते. शिवाय उच्च कंप्रतांना फलकाच्या कंपनांचे प्रकार इतके वाढतात, की मोजक्या चकत्या पुरत नाहीत. तेथे वजनाची अडचण नसल्यास दुहेरी काच वा जाड भिंत हाच अद्याप स्वस्त उपाय आहे.