तीच मुलगी, चार वेळा

१९६४ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात रिचर्ड पॉटहॉफ आणि समरेंद्रनाथ रॉय यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. रॉय हे मूळचे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये महालनोबिसांबरोबर काम केलेले आणि पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेलेले. लेख बीजगणिताने गच्च भरलेला आहे. पण त्यातला एक छोटा तक्ता संख्याशास्त्राचे विद्यार्थी आजही सोडवतात. त्या विद्यापीठाच्या दंतवैद्यक विभागात २७ मुलामुलींच्या कवटीवरचे एक अंतर वयाच्या ८, १०, १२ आणि १४ व्या वर्षी मोजले होते. पिट्युटरी ग्रंथीपासून वरच्या जबड्यामागच्या एका फटीपर्यंतचे ते अंतर, मिलिमीटरमध्ये. त्यातल्या ११ मुली आधी घेऊ.

त्यांच्या चार सरासऱ्या अशा: २१.२, २२.२, २३.१, २४.१. सहा वर्षांत वाढ जेमतेम तीन मिलिमीटर. आता आठव्या वर्षीच्या मापांमधला फरक पाहा. सर्वांत कमी १६.५, सर्वांत जास्त २४.५. म्हणजे वाढ तीनची आणि मुलीमुलींतले अंतर आठाचे. एवढ्या गलक्यात ती वाढ ऐकू कशी यावी? मुले वाढतात हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही, हे खरेच. पण ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा गणितावर रीत पारखून घेतलेली बरी.

रीत आहे प्रचरणाच्या विश्लेषणाची, म्हणजे ‘ॲनोव्हा’ची. रोनाल्ड फिशर यांनी ती १९२० च्या दशकात रॉदमस्टेडच्या शेतीप्रयोगांच्या निमित्ताने घडवली. सगळी मापे एकूण सरासरीपासून किती ढळली ते पाहायचे, त्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि त्या बेरजेची वाटणी करायची. आपल्या ४४ मापांची बेरीज येते २४७.३. त्यातले ५०.७ वयाच्या वाट्याला जातात. उरलेले १९६.६ ‘कारण माहीत नाही’ म्हणून एका गाठोड्यात टाकायचे, ही झाली साधी ॲनोव्हा. जणू ४४ वेगवेगळ्या मुली मोजल्या.

पण मुली ११ च आहेत. १६.५ वाली मुलगी पुढे १९, १९ आणि १९.५ अशी गेली. चौदाव्या वर्षीही ती इतर दहा जणींच्या आठव्या वर्षाच्या मापापर्यंत पोहोचली नाही! तिची वाढ मात्र तीन मिलिमीटर, म्हणजे अगदी सरासरीइतकी. तिची स्वतःची सरासरी १८.५. तिच्यापासून मोजले तर तिचा प्रवास उणे २, अधिक अर्धा, अधिक अर्धा, अधिक १ असा दिसतो. तिचे लहान असणे बाजूला निघते, वाढ तेवढी उरते. प्रत्येकीचे असे केले की गाठोड्यातले १७७.२ ‘मुलीमुलींतला फरक’ म्हणून वेगळे होतात आणि खरोखर अनाकलनीय असे १९.४ च राहतात. ‘रिपीटेड मेजर्स’ म्हणजे पुनरावृत्त मापनाचे सारे बळ या एका वजाबाकीत आहे.

आता प्रत्येक वाट्याला, त्यात स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या संख्या किती आहेत, त्यांनी भागायचे. वयासाठी ३, उरलेल्यासाठी ३०. भागाकार १६.९ आणि ०.६५, त्यांचे गुणोत्तर २६. साध्या ॲनोव्हात हेच गुणोत्तर ३.४ भरते. वयाचा परिणाम शून्य असता तरी ३.४ एवढे गुणोत्तर योगायोगाने शंभरांत दोनतीनदा दिसले असते. २६ मात्र लाखात एकदाही नाही. मुली त्याच, मापे तीच.

आणखी एक गोष्ट याच मांडणीमुळे दिसते. एका मुलीचे माप ८ ते १० या वयात २१ वरून २० वर उतरले आहे. अशी घट मुलींच्या मापांत तीन ठिकाणी आहे. वाढत्या वयात हे अंतर आक्रसेल असे मला वाटत नाही, ही मोजण्यातली चूक असावी. चार वेगळ्या गटांच्या सरासऱ्यांत ती कोणाला कळलीही नसती.

या रीतीची एक अट मात्र बरेच जण विसरतात. कोणत्याही दोन वेळांमधल्या फरकांचे प्रचरण साधारण सारखे हवे. प्रत्यक्षात पुष्कळदा जवळच्या वेळांची मापे एकमेकांना धरून असतात, दूरच्या वेळांची तेवढी नसतात. अट मोडली की गुणोत्तर उगाच मोठे भासते. ती तपासण्याची कसोटी मॉक्ली यांनी १९४० मध्ये दिली. ग्रीनहाउस आणि गायसर यांनी १९५९ मध्ये, वरचे ३ आणि ३० हे आकडे प्रमाणात घटवून निकाल सौम्य करण्याचा उपाय सांगितला.

त्याहून मोठा धोका गणिताबाहेरचा आहे. समजा, या मुलींना सहा वर्षे एखादे टॉनिक दिले असते. गुणोत्तर २६ च आले असते आणि श्रेय टॉनिकने घेतले असते. काळाबरोबर बदल झाला एवढेच ही कसोटी सांगते, तो कशामुळे झाला हे नाही. त्यासाठी टॉनिक न घेतलेला दुसरा गट त्याच वेळांना मोजावा लागतो.

पॉटहॉफ-रॉय यांच्या तक्त्यात दुसरा गट आहे, १६ मुलांचा. मुलींची वाढ दर दोन वर्षांना साधारण एकेक मिलिमीटर, एका चालीने. मुलांची आधी ०.९, मग १.९, मग १.८. इथे प्रश्न बदलतो. वाढ झाली का, हे आता कोणी विचारत नाही. दोन्ही गटांची चाल एकच आहे का, हे तपासायचे असते, आणि त्या दोघांचा लेख मुळात अशाच प्रश्नांसाठी लिहिलेला होता.