पात धरलेलं गणित

दिवाळीच्या सुमारास घनसावंगीकडच्या कापसाच्या रानात सकाळी जाऊन उभं राहावं. कमरेला ओटी बांधलेल्या वीसेक बाया बांधावरून उतरतात, एकेक पात धरतात आणि वेचत निघतात. आपल्या बोंडातला कापूस काढायला शेजारणीचं बोंड आधी रिकामं व्हावं लागत नाही. म्हणूनच एकटीला महिना पुरला नसता, ते रान दीड-दोन दिवसांत मोकळं होतं.

जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर, ही अशीच टोळी आहे. संगणकाचा नेहमीचा प्रोसेसर मुकादमासारखा असतो: चतुर, कुठलंही काम अंगावर घेणारा, पण हात मोजके. जीपीयूत साधे हात हजारोंनी असतात. ते जमवले गेले व्हिडिओ गेमसाठी. साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि सेकंदाला साठ वेळा प्रत्येकाचा रंग नव्यानं काढावा लागतो. या ठिपक्याचा रंग काढायला शेजारच्याची वाट पाहावी लागत नाही. पुन्हा कापसाचं रानच!

हे हात फुकट चाललेत, असं शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं २००० नंतर. सुरुवातीला त्यांनी आपल्या गणितांना चित्राचं सोंग देऊन ती जीपीयूकडून सोडवून घेतली. २००७ मध्ये एनव्हिडियाची ‘कुडा’ प्रणाली आली आणि सोंगाची गरज उरली नाही. कुडात एका हाताच्या कामाला म्हणतात ‘थ्रेड’, धागा. ३२ धाग्यांचा गट म्हणजे ‘वार्प’. हा शब्द थेट मागावरून उचललेला: वार्प म्हणजे ताणा, कापडातले उभे धागे. कापूस पिकवणाऱ्या मुलखाला हा शब्द परका कसा वाटावा?

वार्पमधल्या ३२ जणांना हुकूम एकच मिळतो. अर्ध्यांना ‘वेचा’ आणि अर्ध्यांना ‘निंदा’ सांगितलं, तर एक गट राबेपर्यंत दुसरा हात बांधून उभा राहतो. आणि काही कामं टोळीला देताच येत नाहीत. आधी पातं, मग फूल, मग बोंड. हजार मजूर लावले तरी हा क्रम काही लवकर उरकत नाही.

पण काम वेचणीसारखं असेल, तर काय होतं? जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. प्रत्येक डिशचा संकेत उरलेल्या प्रत्येकीशी ताडून पाहायचा, म्हणजे ४३५ जोड्या. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकता यायचा. नूतनीकरणानंतर ४०० पर्यंत. त्या पट्ट्याचे २,०४८ भाग केले, तर एका फेरीत ८ लाख ९० हजार ८८० गुणाकार. अशा फेऱ्या सेकंदाला सुमारे १ लाख ९५ हजार. म्हणजे दर सेकंदाला १७ हजार कोटींहून जास्त गुणाकार, आणि एकही दुसऱ्यावर अडलेला नाही. खोडदला हे काम जीपीयू करतात. गेममधला धूर आणि धूळ रंगवायला घडवलेले हात तिथे आकाश वेचतात.

याच दुर्बिणीनं टिपलेला एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाला. तो तिथून निघाला ८८० कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वी जन्मायच्या कितीतरी आधी. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वानं तो मोठा केला होता, तरीही इतका क्षीण, की एकेका जोडीच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. तासन्‌तास साऱ्या जोड्यांचं थोडं थोडं एकत्र येतं, तेव्हा कुठे तो दिसतो.

संध्याकाळी बांधावर काटा लागतो. ओटीत कापूस पसाभरच असतो. पण ओट्या रित्या होत जातात, आणि अंधार पडेपर्यंत ढीग माणसाच्या डोक्यावर जातो.