पाळीवरचा तास

विदर्भातल्या शाळा जून संपता संपता उघडतात. उर्वरित महाराष्ट्रात मुलांच्या वह्यांची चार-पाच पाने भरलेली असतात, तेव्हा भंडाऱ्यात उन्हाच्या झळा नुकत्या ओसरलेल्या असतात आणि धानाचे पऱ्हे टाकायची घाई सुरू असते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. दिवाळीच्या अलीकडे हलके धान कापणीला येते, पलीकडे भारी धान. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार उभी राहते. शाळेचे वर्ष आणि धानाचे वर्ष असे जवळजवळ एकाच वेळी सुरू होते. तरीही वर्गात गेल्यावर या दोन वर्षांची एकमेकांशी ओळख आहे असे फारसे वाटत नाही.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या निमित्ताने गेली काही वर्षे मी लाखनी आणि साकोली तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत जातो आहे. बहुतेक शाळा दोन शिक्षकी, पट वीस-पंचवीसचा. ‘वर्गाबाहेरचे शिक्षण’ हा शब्द तिथे सर्वांना पाठ आहे. पण तो उच्चारला की डोळ्यांसमोर येते ती वर्षातून एकदा निघणारी सहल, वृक्षदिंडी किंवा फलक धरून काढलेली प्रभातफेरी. मला शोध घ्यायचा होता तो वेगळ्या गोष्टीचा: रोजच्या कामांतून आणि शाळेपासून पाच मिनिटांवरच्या जागेतून चौथीपर्यंतचा अभ्यास खरोखर किती शिकवता येतो? आणि येत असेल, तर तो का शिकवला जात नाही?

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही, आणि तिचा एक मोठा प्रवाह तर विदर्भातूनच निघाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे झाकीर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा केला. हस्तोद्योग हा स्वतंत्र विषय म्हणून न ठेवता भाषा, गणित, विज्ञान त्याच्या आधाराने शिकवायचे, हे तिचे सूत्र. त्याला समवाय असे नाव मिळाले. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. त्याच सुमारास या प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली. गावाने जमीन द्यावी, त्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, असा तिचा गाभा. ‘मंदिर’ या नावावरून वाद झाला आणि योजना फार काळ टिकली नाही. तरी शाळेला शेत असावे हा विचार या मातीत एकदा पेरला गेला होता, हे नोंदवून ठेवावे लागेल.

दुसरा प्रवाह कोकणाच्या उत्तर टोकाचा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मुलांना दोष दिला नाही. शिक्षकच कुरणात गेला. तीच कुरणशाळा. वर्ध्याने काम शाळेत आणले आणि कोसबादने शाळा कामाजवळ नेली. भंडाऱ्यातल्या शाळेला या दोन्हींपैकी काही नव्याने उभारावे लागत नाही, कारण तिच्या दारात तलाव आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. पूर्व विदर्भातले हजारो जुने तलाव गोंड राजवटीच्या काळापासून बांधले गेले आणि त्या कामात कोहळी समाजाचे कसब मोठे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांचे कागदोपत्री ‘मामा’ झाले. मामा तलाव म्हणजे कुणाच्या मामाचा तलाव, असे पहिलीतली मुले खरोखर विचारतात. त्यांना गंमत वाटते ती उत्तराची. मला वाटते ती आणखी एका गोष्टीची. यांतले लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. म्हणजे गावची शाळा आणि गावचा तलाव यांचा मालक एकच आहे. दोघांच्या फायली एकाच इमारतीत असतात. त्या एकमेकींना भेटत नाहीत, इतकेच.

तलावाची रचना मुलांना समजावणे अवघड नाही, कारण ती डोळ्यांना दिसते. वरच्या अंगाला उतार आणि झुडपी जंगल, तिथून पाणी येते. ते अडवायला मातीची पाळ. पाळीच्या पोटातून पाणी सोडायचे दार, एका कडेला जादा पाणी वाहून जाण्याची वाट आणि पाळीखाली बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरते. उतार, साठा, दाब, वाटप असे चार धडे एका नजरेत मावतात. शिवाय तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक आपल्याकडे जिल्हावार काढले गेले, म्हणजे स्थानिक परिसर शिकवावा हे शासनालाही मान्य आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर शाळेबाहेरच्या जगण्याशी ज्ञान जोडणे हे पहिलेच तत्त्व मानले.

एका शाळेत आम्ही साधी पद्धत ठरवली. एकच तलाव वर्षातून तीनदा पाहायचा: जुलैत, दिवाळीच्या आधी आणि मार्चमध्ये. दर वेळी त्याच झाडाखाली बसून त्याच जागेचा नकाशा काढायचा. पहिल्याच दिवशी मी ‘ही तलावाची पाळ’ म्हणालो आणि मागून एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, हिला पार मनतेत जी.” झाडीबोलीत ळ नाही, ण नाही, तळे तिथे तरा होते आणि पाळ पार होते. वर्गात हा उच्चार चूक ठरतो. पाळीवर मात्र तो त्या जागेचे खरे नाव होता आणि परका मी होतो. आम्ही नकाशावर दोन्ही शब्द लिहिले. त्यानंतर मुलांनी बेशरमाच्या झुडपांपासून मोहाच्या झाडापर्यंत प्रत्येक गोष्टीचे घरचे नाव सांगायला सुरुवात केली. भाषेचा तास असा ठरवून घेता आला नसता.

मार्चच्या फेरीत पाणी एका खोलगट डबक्यापुरते उरले होते. बाकी तळाला भेगा. तलाव आटला की मासे कुठे जातात, असा प्रश्न निघाला. चौथीतला एक मुलगा, घरी पिढीजात मासेमारी, वर्गात सहसा न बोलणारा, म्हणाला की बाकीचे मरतात, मरळ चिखलात राहते. इतर मुलांनी त्याला पुस्तक दाखवले: मासे कल्ल्यांनी पाण्यातला प्राणवायू घेतात. चिखलात पाणी कुठले? मुलगा गप्प बसला, पण दुसऱ्या दिवशी बादलीत एक लहान मरळ घेऊन आला. मुले भोवती बसली. मरळ थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तोंड उघडत होती. शिक्षकांनी घड्याळ दिले आणि दहा मिनिटांत ती किती वेळा वर येते ते मुलांनी वहीत खुणा करून मोजले. शेजारी दुसऱ्या बादलीत रोहूचे पिल्लू होते. ते तसे वर येत नव्हते.

मरळ हवेतला प्राणवायू घेऊ शकते. कल्ल्यांखेरीज तिच्या डोक्यात त्यासाठी वेगळी रचना असते, म्हणून ओल्या चिखलात ती बरेच दिवस तग धरते. पुस्तक खोटे नव्हते, अपुरे होते. आणि ते अपुरे आहे हे त्या मुलाला आधीपासून ठाऊक होते. फक्त ते सांगण्याची जागा शाळेत नव्हती. त्या दिवशी वर्गातली पहिली-शेवटची रांग काही वेळापुरती उलटली. वर्गाबाहेर पडण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो. मोकळी हवा ही त्यातली वरकड गोष्ट. कुणाकडे ज्ञान आहे याचा निवाडा तिथे पुन्हा एकदा होतो, हे महत्त्वाचे.

मात्र इथेच एक खबरदारी हवी. खेड्यातल्या मुलाला सगळे उपजतच कळते, असे म्हणणे म्हणजे त्याचे कौतुक करून त्याला तिथेच सोडून देणे. मरळ चिखलात राहते हे त्याला माहीत होते. का राहते, हे माहीत नव्हते. माहितीकडून कारणाकडे जायला मोजणे, तुलना करणे आणि लिहून ठेवणे या तीन पायऱ्या लागतात. त्या शाळेनेच द्यायच्या असतात. दुसरी बादली आणली नसती, तर तो एक किस्सा राहिला असता.

रोजच्या कामांनाही हेच लागू आहे. परिपाठात प्रार्थना, सुविचार, दिनविशेष होतात. त्यात एक ओळ पावसाची घालता येते. सरळ उभ्या भिंतींची बाटली वरून कापून पटांगणात ठेवायची, पट्टीने पाणी मोजायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे कळले की चौथीचे मूल पुढचे स्वतः करते. वर्गाचे छप्पर सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. काल वीस मिलिमीटर पडला. म्हणजे छपरावर सहाशे लिटर उतरले. मग ते गेले कुठे, हा प्रश्न कुणी विचारावा लागत नाही.

पोषण आहाराचेही तसेच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ. तेवीस मुले हजर असली तर दोन किलो तीनशे ग्रॅम. हजेरीचा आकडा स्वयंपाकघरात सांगायला जाणारे मूल रोज गुणाकार करत असते. फक्त तो वहीत येत नाही. एका शाळेत मुलांनी तो फळ्यावर मांडायला सुरुवात केली आणि आठवडाभरात गैरहजर मुले कोणत्या दिवशी जास्त, याचा तक्ता आपोआप तयार झाला. रोवणीच्या दिवसांत मुलींची हजेरी घटलेली दिसत होती. मोठी बाई बांधीत गेली की धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कोण राहते, हे त्या तक्त्याने कुणी न बोलता सांगितले. परसबागेत पाणी घालणे, अंगण झाडणे, ताटे धुणे ही कामे शिकण्याची होतात ती सर्वांनी पाळीपाळीने केली तरच. झाडू मुलींच्या हाती आणि फुटबॉल मुलांच्या, अशी वाटणी असेल तर शाळा वेगळाच धडा शिकवत असते.

शिक्षकांच्या हरकती मी ऐकल्या आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पहिली भीती पाण्याची. मूल बुडाले तर? म्हणून भरलेला तलाव लांबून, पाळीवरूनच पाहायचा. तळात उतरायचे ते उन्हाळ्यात, कोरड्या भागात, सकाळच्या शाळेत. आणि सोबत पोहणारे, तलाव जाणणारे गावातले एक मोठे माणूस हवेच. दुसरी अडचण दोन शिक्षकांची. एक जण बैठकीला गेला की उरलेल्याने चार वर्ग सोडून जायचे कसे? त्याला सोपे उत्तर नाही. चारही वर्ग एकत्र नेऊन कामे वेगळी द्यावी लागतात: पहिलीने पाने गोळा करायची, चौथीने पाळीची लांबी पावलांनी मोजायची. तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. शासनाने ‘आनंददायी शनिवार’ आणला, नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले. हेतू चांगला. पण उपक्रम झाला की छायाचित्र काढा, वर पाठवा, अहवाल भरा. फोटो मिळाला की तास संपतो. खरे तर मुलांची वही हाच अहवाल असायला हवा.

या सगळ्यावर आज एक सावली आहे. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. पण सप्टेंबर २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक आहेत. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल, ग्रंथालय आणि संगणक मिळेल, खेळायला पुरेसे सवंगडी मिळतील. हे युक्तिवाद पोकळ नाहीत. चार मुलांच्या वर्गाचा एकटेपणा मी पाहिला आहे. पण हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, तेही मांडले पाहिजे. गाडी मुलाला दहा किलोमीटर नेईल. तलाव तिच्यात बसणार नाही. मार्चमध्ये मरळ आणणारा मुलगा त्या शाळेत बादली घेऊन चढणार नाही. मुलाच्या घरचे ज्ञान आणि शाळेचे ज्ञान यांच्यात आज पाच मिनिटांची पायवाट आहे. तीही आपण वापरत नाही, म्हणून ती मोडायला कुणाला अवघड वाटत नाही.

म्हणून लहान शाळा वाचवायची तर नुसत्या भावनेने वाचणार नाही. गावात शाळा असल्याने काय शिकता येते, जे इतरत्र येणार नाही, हे त्या शाळेने दाखवावे लागेल. जिल्हा परिषदेला ते अवघड नाही. तलाव तिचा, शाळा तिची. तलावाच्या दुरुस्तीच्या फाईलला शाळेतल्या मुलांच्या तीन नकाशांची जोड दिली, तर पाणी कुठवर होते आणि बेशरम कुठवर पसरली, हे अभियंत्यालाही कळेल.

यंदाही दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील तेव्हा पाळीखाली भारी धानाची कापणी चालू असेल. मुले तिथून चालतच शाळेत येतील. एका लोंबीत किती दाणे, हे मोजायला तेवढी वाट पुरेशी आहे.