ऑलिव्हिए ते तारिक: एनबीएचा दरवाजा उघडणारा फ्रेंच खेळाडू

बास्केटबॉल पाहणाऱ्या आजच्या तरुणांना फ्रान्स म्हटलं की व्हिक्टर वेम्बान्यामा आठवतो. त्याआधीच्या पिढीला टोनी पार्कर. पण या दोघांच्याही आधी फ्रान्समध्ये वाढलेला एक खेळाडू अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये पोहोचला होता. त्याचं नाव तारिक अब्दुल-वाहद. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकलं असेल, म्हणून त्याच्या कारकिर्दीची ओळख करून देणं आम्हाला गरजेचं वाटतं.

पॅरिसजवळून कॅलिफोर्नियात

3 नोव्हेंबर 1974 रोजी पॅरिसजवळच्या मेझों-आल्फोर इथे त्याचा जन्म झाला. आई-वडिलांनी ठेवलेलं नाव ऑलिव्हिए सां-झां. आई स्वतः बास्केटबॉल खेळायची, त्यामुळे खेळ घरातच होता. त्या काळी फ्रान्सचे चांगले खेळाडू युरोपातल्या क्लबमध्येच कारकीर्द करत. ऑलिव्हिएने वेगळी वाट धरली. 1993 मध्ये तो अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेला आणि तिथून पुढे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात.

सॅन होजेचा संघ काही नावाजलेला नव्हता. 1996 मध्ये जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते. तरीही या संघाने बिग वेस्ट गटाची स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळवली. पहिल्याच सामन्यात केंटकीने त्यांना 110-72 असं हरवलं, आणि त्या वर्षी विजेताही केंटकीच ठरला. पण ऑलिव्हिएकडे लोकांचं लक्ष गेलं होतं. पुढच्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी 24 च्या आसपास गुण केले.

एनबीएत दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. 1997 च्या ड्राफ्टमध्ये सॅक्रामेंटो किंग्जने त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं. इथे एक खुलासा करायला हवा. डॉमिनिक विल्किन्स हा मोठा खेळाडूही पॅरिसमध्येच जन्मला होता, पण तो अमेरिकन लष्करी कुटुंबातला. फ्रान्समध्ये वाढून, तिथेच खेळ शिकून एनबीएत उतरलेला पहिला खेळाडू हाच.

जर्सीवरचं नवं नाव

त्याच वर्षी त्याने इस्लाम स्वीकारला आणि नाव बदललं. गंमत बघा, ड्राफ्टमध्ये निवडला गेला तो ऑलिव्हिए सां-झां आणि पहिल्या हंगामात मैदानावर उतरला तो तारिक अब्दुल-वाहद! नवा खेळाडू स्वतःची ओळख करून देण्यासाठी धडपडत असतो. चार वर्षं कमावलेलं नाव नेमक्या त्याच वेळी बाजूला ठेवायचं, ही आम्हाला साधी गोष्ट वाटत नाही.

हे करणारा तो पहिला नव्हता. 1971 मध्ये लू अल्सिंडर करीम अब्दुल-जब्बार झाले होते. 1993 मध्ये ख्रिस जॅक्सन महमूद अब्दुल-रऊफ झाले. अमेरिकेच्या राष्ट्रगीतावेळी उभं राहायला नकार दिला म्हणून मार्च 1996 मध्ये लीगने या अब्दुल-रऊफना निलंबित केलं होतं. 1997-98 च्या हंगामात सॅक्रामेंटोच्या संघात तेच तारिकचे सहकारी होते. मुस्लिम खेळाडूला कशाकशाला तोंड द्यावं लागतं, याचं जिवंत उदाहरण त्याच्याच संघात होतं.

चांगले दिवस आणि दुखापती

दुसऱ्या हंगामात संघात क्रिस वेबर आणि व्लादे डिव्हाक आले, आणि तारिक पहिल्या पाचांत खेळू लागला. संपामुळे... नव्हे, मालकांनीच टाळेबंदी केल्यामुळे 1998-99 चा हंगाम 50 सामन्यांचा झाला. त्यातले 49 सामने तो खेळला. संघ प्लेऑफमध्ये पोहोचला आणि युटाकडून पाचव्या, निर्णायक सामन्यात हरला.

1999 मध्ये त्याची ऑरलँडोला अदलाबदल झाली. तिथे प्रशिक्षक डॉक रिव्हर्स यांच्याकडे मोठी नावं नव्हती, मेहनती पोरं होती. तारिकने 46 सामन्यांत सरासरी 12.2 गुण केले. हा त्याचा सगळ्यात चांगला काळ. पण हंगाम संपायच्या आतच त्याला डेन्व्हरला पाठवलं गेलं, आणि 2002 मध्ये तिथून डॅलसला.

याच काळात दुखापतींनी त्याला गाठलं. आकडेच पाहा. पहिल्या तीन हंगामांत 214 पैकी 169 सामने, नंतरच्या तीन हंगामांत 246 पैकी फक्त 67. 2003 मध्ये एनबीएतला शेवटचा सामना खेळला तेव्हा तो 28 वर्षांचा होता. एकूण 236 सामने, सरासरी 7.8 गुण. पुढे सॅन होजेमध्येच त्याने शाळकरी मुलांना बास्केटबॉल शिकवलं.

दरवाजा कोणासाठी उघडला?

7.8 गुण पाहून कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? पण त्याच्यानंतर 2001 मध्ये टोनी पार्कर आला. 2023 च्या ड्राफ्टमध्ये वेम्बान्यामा पहिला, 2024 मध्ये झकारी रिसाशेही पहिला. आज फ्रेंच मुलगा एनबीएचं स्वप्न पाहतो तेव्हा त्याला कोणी हसत नाही. हे कोणाला तरी पहिल्यांदा करून दाखवावं लागलं होतं.

मात्र हा दरवाजा सगळ्यांसाठी उघडलेला नाही. आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाने 2017 मध्ये डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. फ्रान्सच्या महासंघाने मात्र डिसेंबर 2022 मध्ये सर्व स्तरांवरच्या सामन्यांत धार्मिक ओळख दाखवणाऱ्या पोशाखावर बंदी घातली. फ्रान्सच्या युवा संघांतून खेळलेली डियाबा कोनाते कॅलिफोर्नियाच्या अर्वाइन विद्यापीठाकडून हिजाब घालून खेळली. 2024 मध्ये तिच्या संघाने बिग वेस्टची महिलांची स्पर्धा जिंकली, 1996 मध्ये ऑलिव्हिएच्या संघाने याच गटाची पुरुषांची स्पर्धा जिंकली होती. पण स्वतःच्या देशात तसं खेळायची तिला मुभा नव्हती.

तारिकने नाव बदललं आणि तो खेळत राहिला. कारकीर्द थांबवली ती शरीराने, श्रद्धेने नव्हे. फ्रान्समधल्या हिजाब घालणाऱ्या मुलींनाही एवढंच हवं आहे: त्या कधी थांबतील हे त्यांच्या खेळावर ठरावं, डोक्यावरच्या कापडावर नाही.